दिवस मावळल्यावर रिकामी होणारी डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे, मित्रांनो. माझा जन्म दंतमंजनासाठी झाला. माझ्या पोटावर एक हसरी बाई छापली होती. तिचा चेहरा गंजून गेला, दात तेवढे शाबूत आहेत. म्हणजे मंजन चांगलंच असणार.

मंजन संपलं तरी मला कुणी फेकलं नाही, कारण कळंबा गावातल्या अक्काताईंच्या घरातून पत्र्याची वस्तू बाहेर जात नसे. काही वर्षं मी बटणं सांभाळली. मग १९९८ साली त्या घरात एक कुत्र्याचं पिल्लू आलं. अक्काताईंच्या मुलानं, नेमिनाथनं, त्याचं नाव मेजर ठेवलं. अशा नावाचं कुत्रं शिस्तीचं निघतं, असा त्याचा समज होता. मेजरनं पहिल्याच आठवड्यात त्याची एक चप्पल खाल्ली. चप्पल रबरी होती, त्यामुळं आमच्या जैन घराचा शाकाहार तेवढा मोडला नाही.

नेमिनाथची मुलगी आदिती तेव्हा बारावीत होती. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तिनं मेजरला शिकवायला घेतलं. माझ्यात ती कडक भाजलेल्या भाकरीचे तुकडे भरायची. मी खुळखुळले की मेजरचे कान उभे. एक तुकडा त्याच्या नाकावरून मागं न्यायचा, म्हणायचं ‘बस’. टेकला की लगेच तुकडा तोंडात. ‘थांब’ आणि ‘ये’ही तो असाच शिकला. मला इतका मान बटणांच्या काळात कधी मिळाला नव्हता.

पण अक्काताईंचा नेम होता. दिवस मावळल्यावर त्या अन्नाचा कण तोंडात घालत नसत आणि घरात दुसऱ्या कुणाला घालू देत नसत. नेमिनाथ बाहेर खाऊन यायचा, तो वेगळा विषय. कुत्रं घरातलं, म्हणून नेम त्यालाही लागू. उजेड गेला की अक्काताई मला रिकामी करायच्या, पुसायच्या आणि फळीवर पालथी घालायच्या.

शहरातला, राजारामपुरीतला क्लास सुटून आदिती घरी यायची तेव्हा अंधारलेलं असायचं. तरी ती सराव घ्यायचीच. मेजर बसला की तुकड्याऐवजी नुसतं ‘शाब्बास’. काही दिवस त्यानं हे ‘शाब्बास’ चालवून घेतलं. पुढं त्याच्या ध्यानात आलं, की दिवस मावळला की हुकूम रद्द. मग अंधारात कुणी ‘बस’ म्हटलं, की तो उभा राहून प्रेमानं शेपूट हलवायचा.

“ह्याचं काय सरकारी ऑफिस हाय व्हय, येळ झाली की बंद?” नेमिनाथ म्हणाला. सगळे हसले.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि हसणं थांबलं. एका संध्याकाळी अंधार पडल्यावर नेमिनाथनं स्कूटर आत घेतली आणि फाटक उघडंच राहिलं. मेजर बाहेर पळाला. रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं त्याला सापडलं आणि ते चघळत तो मधोमध बसला. न सांगता बसला. वळणावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. दिवा एकच, आणि टेप एवढा मोठा लावलेला की ड्रायव्हरला हाक मारून उपयोग नव्हता.

“मेजर, ये!” आदिती ओरडली. त्यानं शेपूट हलवली. नेमिनाथ त्याच्याकडं धावला. मेजरला वाटलं खेळ सुरू झाला. कांडं तोंडात धरून तो उलटा ट्रॅक्टरच्या दिशेनं पळाला. आदितीनं बापाचा शर्ट धरून त्याला मागं ओढलं. “पप्पा, मागं लागू नका. तो आणखी पुढं जाईल.”

फळीवरून मला खिडकीतून सगळं दिसत होतं, मित्रांनो. डबीला पाय नसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा लागलं.

अक्काताई जपाला बसल्या होत्या. त्या जप टाकून उठल्या, मला उचललं, अंगणातले मूठभर खडे माझ्यात कोंबले आणि फाटकात उभ्या राहून मला असं हलवलं की माझं झाकण निघायला आलं. मेजर थबकला. ट्रॅक्टरचा दिवा त्याच्या पाठीवर पडला. मग कांडं टाकून तो सरळ आमच्याकडं पळत आला, आणि त्याच्यामागून ट्रॅक्टर गाणं म्हणत निघून गेला.

मेजर अक्काताईंसमोर ताठ बसला. नजर माझ्यावर. अक्काताईंनी झाकण उघडलं. आत खडे.

“उद्या सकाळी देऊ की त्याला,” नेमिनाथ धापा टाकत म्हणाला.

“त्याला उद्या कळत न्हाय, पप्पा. आज फसवलं तर पुढच्या वेळी ह्या आवाजाला तो येणार न्हाय.”

मेजर हलला नाही. अक्काताई त्याच्याकडं बघत राहिल्या, मग आत गेल्या आणि अख्खी भाकरी घेऊन आल्या.

“आई, नेम?” नेमिनाथनं विचारलं.

“नेम मी घेतलाय. त्यानं कुटं घेतलाय?”

आपल्या हातानं रात्री अन्न दिलं म्हणून दुसऱ्या दिवशी अक्काताईंनी उपवास धरला. मेजर दिवसभर त्यांच्या शेजारी बसून होता. तो तीनदा जेवला. त्या दिवसापासून मी फळीवर पालथी पडले नाही; दिवस मावळल्यावरही माझ्यात तुकडे असत, आणि रात्रीचा ‘ये’ही मेजर ऐकू लागला.

आता माझं झाकण सैल झालंय, तळाला भोक आहे. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. घरच्या मुक्या जिवाला हाक मारण्याआधी मात्र एकदा आपल्या डबीत बघा. खडे भरले तरी मी तसाच आवाज करते. पण तो पळत येतो तो तुमच्यावर विश्वास ठेवून.