ठशातली गल्ली

लाकडावर झाडं कोरण्यात मुज्तबाभाईंचा हात धरणारा अख्ख्या इंग्लंडात कोणी नव्हता, असं निदान ते स्वतः तरी म्हणायचे. निलंग्याकडच्या खेड्यातून विशीत तिकडे गेले, छापखान्यात शाई पुसता पुसता कोरणी हाती आली आणि पुढे डोंगर, माळ, झाडपाला कोरून नाव झालं. लाकडाचा ठसा कागदावर उलटा उमटतो, डावं ते उजवं होतं. म्हणून वेल कोरायची तर ते आरशात बघून कोरत. वेल भलत्या अंगाने चढलेली त्यांना खपायची नाही. देखाव्याच्या बाबतीत मात्र स्वारी बेफिकीर. देखाव्याला कसलं डावं-उजवं, तो काय नकाशा आहे? हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नांदेडला प्रदर्शन भरलं तेव्हा तिथेही हेच बोलून त्यांनी टाळ्या घेतल्या.

तिथून ते लातूरला आबेदाकडे आले. आबेदा म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, खाजाची, विधवा. भूकंपात खाजा गेला तेव्हा लग्नाला महिनाही झाला नव्हता. त्यानंतर मुज्तबाभाईंना इकडे यायचा धीरच झाला नाही, हे खरं. आबेदा आता क्लासच्या पोरींसाठी मेस चालवत होती. डॉक्टर व्हायला गावोगावाहून आलेल्या पोरी, दोन्ही वेळा तिच्याकडे जेवायच्या.

जेवणाच्या खोलीत भिंतीवर त्यांचंच चित्र होतं. गावची गल्ली, मधोमध लिंबाचं झाड, त्याच्या उजव्या हाताला वेल चढलेलं त्यांचं घर. खाजाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच ते देगलूरला, नवरीच्या माहेरी पाठवलं होतं. तिला सासर आधी दिसावं, एवढाच हेतू. अजून जपलंयस की, असं ते खुशीत म्हणाले.

आबेदाचा लाटणं धरलेला हात थांबला. मग तिने जे सांगितलं ते आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सासरी ती जेमतेम चार दिवस राहिली, बुरख्यात आली आणि बुरख्यातच माहेरपणाला गेली. भूकंपाचं कळताच हे चित्र काखेत मारून ती देगलूरहून गावात पोचली. गल्लीतलं जे कोणी वाचलं होतं ते दवाखान्यात. घरांचे नुसते दगडांचे ढीग, उभं होतं ते फक्त लिंबाचं झाड. जवानांनी विचारलं, तुमचं घर कोणतं?

"म्या चित्रात बघून झाडाच्या उजवीकडं दाखवलं," ती म्हणाली. "दिवसभर तिकडंच खणलं त्यांनी. अन् ते होते डावीकडं. दुसऱ्या दिवशी निघाले. डॉक्टर म्हणाला, रातीपर्यंत जीव होता. घाबरून म्या कुठं तोंड करून उभी होते, काय की. माझ्यापायी गेले ते, भाईजान."

मुज्तबाभाई उठून भिंतीपाशी गेले. ते चित्राकडे बघत राहिले. दारावरची वेल बरोबर अंगाने चढली होती, तेवढी त्यांनी आरशात बघून कोरली होती. गल्ली मात्र आठवली तशी सरळ कोरली होती. तोंड मिटून बसले असते तर आजही कोणाला काही कळलं नसतं. पण समोर ही बाई स्वतःला नवऱ्याची मारेकरी समजत बसली होती.

"आबेदा," ते कसंबसं म्हणाले, "ते चित्र आरशासमोर धर."

पोरी वेण्या घालायच्या त्या आरशासमोर तिने चित्र धरलं. आरशात घर झाडाच्या डावीकडे होतं. तिने एकदा आरशात, एकदा हातातल्या चित्रात बघितलं.

"म्हणजे म्या चुकले नव्हते," ती म्हणाली. मग वळून तिने विचारलं, "उलटं छापतंय, हे तुमाला तवा ठावं होतं?"

"हाव."

तिने चित्र त्यांच्या हातात दिलं. जिन्यावर पोरींची बडबड ऐकू यायला लागली होती. आबेदाने तवा चढवला आणि ताटं मांडायला घेतली. मुज्तबाभाईंचं ताट तिने मांडलं नाही.