काडतुसाचा कौल

आमच्या वालाच्या शेतात एक भेकर यायला लागलं. भेकर म्हणजे शेळीएवढं हरीण, फक्त ते कुत्र्यासारखं भुंकतं. आपण हरीण आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. रोज उजाडताना यायचं, वालाची एक ओळ संपवायचं आणि जायचं. अर्धी ओळ टाकून कधी गेलं नाही. आमच्या घरात इतकं शिस्तीचं कुणी नाही.

एरवी बापूंनी दुर्लक्ष केलं असतं. बापू म्हणजे माझे काका. नागावला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि आत डोंगराच्या पायथ्याशी हे शेत. भात निघालं की त्यात वाल. पण शनिवारी बापूंच्या मुलीचे, म्हणजे श्रद्धाचे, होणारे सासरे मांडव्याच्या बोटीने येणार होते. मुलगा, देवव्रत, सगळ्यांना पसंत होता; श्रद्धाला तर दोन वर्षांपासून. त्याच्या वडिलांचं 'हो' तेवढं यायचं होतं. आणि बापूंनी त्यांना फोनवर सांगून ठेवलं होतं, "आमच्या वालाची पोपटी खाल्ल्याशिवाय काही ठरवू नका." त्यांनी ते मनावर घेतलं. काहीच ठरवलं नाही.

पोपटीला मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी भरतात. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. शेंगा नसतील तर ती पोपटी नाही, बटाट्यांवर केलेला अन्याय आहे.

मंगळवारी बापूंनी बंदूक काढली. बारा बोअरची, दुनळी, पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली. माझ्या जन्मापासून तिने फक्त भिंतीची राखण केली होती.

"भेकर मारलं तर तुरुंग आहे," मी म्हणालो. "आणि व्याही वनखात्यातून रिटायर झालेत."

"मारतोय कोण? घाबरवणार आहे."

"मंग फटाका लावा की," भागोजी म्हणाला. भागोजी आमचं शेत बघतो. दोन रुपयांत काम होत असेल तर तो तिसरा काढत नाही.

बापूंना ते लागलं. "फटाक्याला परवाना लागत नाही," ते म्हणाले. एवढ्यावर विषय संपला.

बिस्किटांच्या जुन्या डब्यात तीन काडतुसं निघाली. एक एलजी, मोठ्या छऱ्यांचं, डुकरासाठी. एक चार नंबरचं, बारीक छऱ्यांचं, पाखरांसाठी. आणि तिसरं चक्क रायफलचं. लांब, पितळी, देखणं. आमच्याकडे रायफल कधीच नव्हती. आजोबांनी आधी काडतूस घेतलं होतं आणि रायफल नंतर घेऊ म्हणाले होते. नंतर म्हणजे कधी, हे सांगायचं राहिलं आणि ते गेले.

हरणासाठी यातलं कुठलं? मी फोनवर शोधलं. अमेरिकेतला एक दाढीवाला माणूस याच विषयावर पाऊण तास बोलत होता. त्यांच्याकडे हरणांपेक्षा काडतुसांच्याच जाती जास्त आहेत. शेवटी तो म्हणाला, ज्याची त्याची आवड. बापू पाऊण तास बसून ऐकत होते, इंग्रजी येत नसताना. "माणूस अभ्यासू आहे," ते म्हणाले.

बापूंचं मत एलजी. आवाज मोठा. माझं मत चार नंबर. चुकून लागलंच तर भेकराला खरचटेल आणि आपल्याला शिक्षा कमी होईल. यावर बुधवार गेला. भेकराने एक ओळ संपवली.

गुरुवारी गोदूआत्या मध्ये पडली. ती बापूंची थोरली बहीण. "इतकी वर्षं या घरात म्हैस घेतली तरी कौल लावलाय," ती म्हणाली. "बंदूक काय म्हशीपेक्षा मोठी?"

म्हणून आम्ही देवीच्या देवळात गेलो. गणराज गुरवाने देवीच्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गणराज माझ्या वर्गात होता. त्याने एलजी समोर ठेवलं आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, भेकराला न मारता घाबरवायचंय. हे चालेल का सांग."

डावी पडली.

चार नंबर ठेवलं. डावी.

"आता?" बापू म्हणाले.

"तिसरं ठेव," आत्या म्हणाली. "आणलंय तर विचारून घे. देवीला वाटायला नको लपवलं."

गणराजने रायफलचं काडतूस ठेवलं. गाऱ्हाणं अर्ध्यावर असतानाच उजवी पाकळी पडली. मग तिच्याशेजारची. मग उजवीकडच्या सगळ्या.

"इतका स्वच्छ कौल मी लग्नाला पण बघितला न्हाय," गणराज म्हणाला. त्याने काडतुसाला कुंकू लावलं, अंगारा लावला आणि बापूंच्या ओंजळीत दिलं.

"पुन्हा लावून बघूया का?" बापूंनी हळूच विचारलं.

"बाप्या," आत्या म्हणाली.

प्रश्न सुटला होता. दोन काडतुसांना देवीने नकार दिला होता आणि जे मंजूर झालं त्याला बंदूक नव्हती. वर आता तो प्रसाद होता. आत्याने त्याची देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी स्थापना केली.

"रायफलचा परवाना काढू," बापू म्हणाले.

"काढा की," भागोजी म्हणाला. "श्रद्धाताईंच्या पोरांला पोपटी व्हईल."

शनिवारी संध्याकाळी शेतात मडकं लागलं. शेंगा मोजून एक वाटी मिळाल्या होत्या. बाकी बटाटे. होणारे व्याही खुर्चीवर बसले होते आणि मडक्याकडे बघत होते. श्रद्धा देवव्रतकडे बघत होती. बापू कुणाकडेच बघत नव्हते. सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता.

तेवढ्यात मागून कुणीतरी भुंकलं.

भेकर बांधावर उभं होतं. आज ते संध्याकाळीच आलं होतं. पाहुणे आहेत हे कळल्यासारखं. बापूंनी डोळे मिटले. भेकर उतरलं, उरलेल्या ओळीच्या टोकाशी गेलं आणि आमच्यादेखत जेवायला लागलं.

व्याही उभे राहिले होते. मग म्हणाले, "तीस वर्षं खात्यात काढली. सगळी टेबलावर. भेकरांच्या गणनेचे तक्ते मीच तपासायचो. जिवंत आज बघतोय."

कुणी हललं नाही. भेकराने ओळ संपवली आणि ते गेलं.

"त्याच्यासाठी मुद्दाम वाल राखता?"

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी मडक्याकडे.

"देवीचा तसा कौल आहे," बापू म्हणाले. हे खोटं नव्हतं.

मडकं फोडलं. त्या वाटीभर शेंगा व्याह्यांच्याच पानात गेल्या. खाऊन झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि श्रद्धाला विचारलं, "साखरपुडा इथंच केला तर चालेल का? याच वेळेला?" श्रद्धा हो म्हणाली. ते कुठलंही ठिकाण म्हणाले असते तरी ती हो म्हणाली असती.

घरी आल्यावर ते देवघरासमोर नमस्काराला वाकले आणि तसेच थांबले.

"हे काडतूस?"

"रायफलचं," बापू म्हणाले.

"आणि रायफल?"

"नाही."

मला वाटलं, आता समजावून सांगावं लागणार. पण त्यांनी तीस वर्षं सरकारी नोकरी केली होती. त्यांनी मान हलवली आणि काडतुसाला हात जोडले.