बोटीतली चौथी जागा

"मम्मी, बघ, पाणी चढतंय!" विन्स्टन फोनमधून सांगत होता.

त्या फ्रान्सच्या कॅनॉलला म्हणे दारं होती. मागचं दार लागलं की पाणी चढायचं, पाण्याबरोबर बोट चढायची, मग पुढचं दार उघडायचं. दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे, त्यांच्यापलीकडे गावातल्या चर्चचा मनोरा. बोट इतकी संथ, की काठावरचं कुत्रं तिला मागे टाकून गेलं. आणि बोटीच्या तोंडाशी, डोक्यावर गवती हॅट, हातात वाइनचा ग्लास, अशी बसली होती आयव्ही. सून ॲनेटची आई.

"हॅट शोभते हो, विहीणबाई," मिल्ड्रेड म्हणाली. "आमच्या वसईला वांग्याच्या मळ्यात उभं करतात, त्याला पण अशीच घालतात."

"ग्रॅन्मा, दॅट्स मीन," नात टेसा हसली. फोन बंद झाला.

दुबईतल्या अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये एसीची घरघर तेवढी उरली.

बोटीत जागा चारच. विन्स्टन, ॲनेट, टेसा आणि चौथी आयव्हीला. ॲनेट म्हणाली होती, "मम्मी, तुमचे गुडघे दुखतात, बोटीत स्टेप्स फार. आणि डेली वाइन टेस्टिंग. तुम्ही बोअर व्हाल."

गुडघे! आयव्हीचा एक गुडघा तर स्टीलचा. आणि वाइन? गावातली निम्मी लग्नं जिच्या हातच्या वाइनवर लागली, ती बोअर होणार. टेसाला दुपट्यात असल्यापासून सांभाळायला इथे वाळवंटात कोण आलं होतं, आयव्ही?

मिल्ड्रेड उठली. किचनच्या बाल्कनीत चिनी मातीच्या बरणीत तिची वाइन मुरत होती. आपल्या आणि विन्स्टनच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या पार्टीला होममेड वाइन आहे, असं ॲनेटने सगळ्या ऑफिसला सांगून ठेवलं होतं. मिल्ड्रेडने फडकं सोडलं, झाकण काढलं आणि लोणच्यातला जुना शिरका वाटीभर आत ओतला. बाकीचं काम दुबईचं ऊन करणार होतं.

"हो आंबट," ती बरणीला म्हणाली.

नवी बरणी उघडली की पहिला ग्लास विहिणीचा, ही तिच्या घरची रीत. बोटीवर वाइन शिकून आलेली बाई सगळ्यांसमोर तोंड वेडंवाकडं करणार. त्यात मिल्ड्रेडचं स्वतःचंही नाव जाणार होतं. जाऊ दे.

चौघं फ्रान्सहून परतली. पार्टीच्या दिवशी ॲनेटचा बॉस आला, ऑफिस आलं, शेजारची सुहासिनी आली. मिल्ड्रेडने ठेवणीतली साडी नेसली होती. ओतताना वासानेच तिला कळलं, काम फत्ते.

"घ्या विहीणबाई. तुम्ही आता फ्रान्सच्या. सांगा कशी झालीय."

आयव्हीने ग्लास नाकाशी नेला आणि क्षणभर थांबली. मिल्ड्रेडकडे पाहिलं. मग एका दमात ग्लास रिकामा केला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड हललं नाही.

"फर्स्ट क्लास," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "इतक्या गावांची प्यायले, पण मिल्ड्रेडबायच्या हाताची सर नाही."

टाळ्या पडल्या. मिल्ड्रेडच्या हातातली पळी जागच्या जागी राहिली. आयव्ही जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ती जागा मी मागितली नव्हती, बाय. पण नको पण म्हटलं नाही. ओता अजून."

मागून बॉसने ग्लास पुढे केला होता. ॲनेटनेही केला होता.

मिल्ड्रेडने बरणीच्या तोंडावर पंजा ठेवला. "खलास. ही घरच्या म्हाताऱ्यांपुरतीच झालीय. विन्स्टन, पाहुण्यांना तुझ्या फ्रान्सच्या बाटल्या फोड."

"मम्मी, पण मी सगळ्यांना सांगितलंय…" ॲनेटचा चेहरा पडला.

"मग सांग, सासू कंजूस आहे."

मिल्ड्रेडने बरणी उचलून बाल्कनीत नेली. आयव्ही स्टीलचा गुडघा ओढत मागोमाग आली आणि उलट्या बादलीवर बसली. खाली रस्त्यावर टॅक्सीवाले हॉर्न मारत होते.

आयव्हीने ग्लास पुढे धरला. मिल्ड्रेडने तो काठोकाठ भरला, एक थेंब कमी ठेवला नाही. मग दुसरा ग्लास घेतला आणि स्वतःचा भरला. तेवढाच.