हाताने मोठे केलेले सात मथळे

सासऱ्यांच्या पुस्तक-मांडणीच्या कचेरीत थोरली सून अकरा वर्षं मथळे सजवत आली होती. एकेक मथळा निवडायचा, जाड करायचा, आकार वाढवायचा, खाली जागा सोडायची, की पुढचा. चारशे मथळ्यांचं पुस्तक आलं की आठवडाभर तिची मान आखडायची, आणि त्या आखडलेल्या मानेला घरात मान होता.

मग धाकटी जाऊ कामाला आली. तिने संगणकावर मथळ्याची पॅराग्राफ स्टाइल, म्हणजे जाडी-आकाराचा ठरीव साचा, एकदाच बनवली आणि टिचक्या मारत सुटली. जेवणाच्या सुट्टीआधी पुस्तक हातावेगळं.

"सूनबाई, शिका जरा हिच्याकडून," सासरे थोरलीला म्हणाले. "ते शब्दकोशाचं काम आता धाकटीकडेच देतो."

शब्दकोशाकडे थोरली दोन वर्षं डोळे लावून बसली होती. ती गोड हसली. इतकं गोड, की दाढ ठणकली.

धाकटी जेवायला उठताच थोरलीने तिची फाइल उघडली आणि सात मथळे अर्ध्या पॉइंटने मोठे केले. हातानेच, दुसरं येत होतं कुणाला? सासऱ्यांची नजर घारीची. प्रूफ बघून त्यांनी "धाकटीचं काम कच्चं" एवढंच म्हणावं, अशी माफक इच्छा.

पण प्रूफ निघण्याआधी लेखकाचा फोन आला: मथळे थोराड दिसतात, लहान करा. धाकटीने स्टाइलमध्ये एक आकडा बदलला. सगळे मथळे क्षणात आक्रसले. सात तेवढे जागचे हलले नाहीत. बालवाडीच्या रांगेत सात काका उभे राहावेत तसे दिसू लागले.

"हे काय गं?" सासरे पडद्यावर वाकले.

धाकटीने एका काकावर क्लिक केलं. स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसलं. म्हणजे इथे कुणीतरी वरून हात फिरवलाय. कचेरीत हात फिरवणारं माणूस एकच, आणि ते रिकाम्या ग्लासातून पाणी पीत होतं.

धाकटीने वळून थोरलीकडे पाहिलं.

"माझंच चुकलं, बाबा," धाकटी म्हणाली. "घाईत राहिले."

"कबूल करायलाही मोठं मन लागतं हो," सासरे कौतुकाने म्हणाले.

म्हणजे मोठं मनही हिलाच!

सासरे गेल्यावर धाकटीने शेजारची खुर्ची ओढली. "ताई, या. शब्दकोश दोघी मिळून करू. स्टाइल दाखवते तुम्हाला."

थोरली निमूट बसली. चोराला नाही म्हणायची सोय नसते.

"बघा, किती सोपंय."

ते खरंच सोपं होतं. याबद्दल थोरलीने तिला जन्मात माफ केलं नाही.