अडकलेल्या नाण्याचा चेहरा

आमच्या काकांकडे रोमन काळातली चांदीची नाणी पुष्कळ होती, पण त्यांचा जीव एका बिघडलेल्या नाण्यावर. त्याच्या एका बाजूला सम्राटाचा उठावदार चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा उलटा, खोलगट.

काकू दातांच्या डॉक्टर. त्यांनी एकदा विचारलं, "अहो, हे असं कसं झालं?"

"आधीचं नाणं साच्यात अडकलं आणि त्याच्यावरच हे ठोकलं गेलं."

काकूंनी कवळीचं मऊ मेण खोलगट बाजूवर दाबून अलगद सोडवलं. हातोहात फिरून नाण्याच्या उठावदार बाजूचं नाक झिजलं होतं. मेणात मात्र ते तरतरीत उभं राहिलं.

"अगं, हा तर त्या अडकलेल्या नाण्याचा चेहरा!" काका थक्क झाले.

"आता ते शोधायला निघू नका," काकू हसल्या.

पण काका आपल्या नाण्यांत असंच दुसरं बिघडलेलं नाणं धुंडाळत होते, उरलेलं मेण गार व्हायच्या आत.