न पडलेली पाती

मल्लप्पाची नजर मंदावली होती, आणि यंत्रमागाच्या कामात नजर गेली की भाकरीच गेली. उभ्या ताण्यातली सुताची तार तुटली की ती धावत्या मागात हेरायची, माग थांबवून गाठ मारायची. न हेरली तर चादरीवर रेघ उठायची. अलीकडे मल्लप्पाच्या चादरींवर रेघा फार उठू लागल्या होत्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या कारखान्याचे मालक आण्णा शेवटी म्हणाले, "दसरा होऊ दे. मग एक दिवस तुझा माग बघतो. रेघ दिसली तर माग दुसऱ्याच्या हाती."

माग दुरुस्त करणारा जॉबर ज्ञानू बार्शीचा. त्यानं त्या मागावर नव्या पात्या चढवल्या. प्रत्येक तारेवर एक बोटभर लांबीची पोलादी पाती. मल्लप्पाची बायको पार्वतम्मा तिथंच आडव्या सुताच्या कांड्या भरायची. ती हातातली कांडी विसरून बघत राहिली. ओळीनं लटकलेल्या त्या पात्या, प्रत्येकीला सांभाळायला एकेक तार दिलेली.

"आजवर काका काय करत हुते, काकू?" ज्ञानू म्हणाला. "तारेतारेच्या दारी हिंडून इचारत हुते. तू बरी हाय का? तू बरी हाय का? आता इचारायचं न्हाय. जी तुटंल ती आपणहून सांगंल. तिची पाती खालच्या पट्टीवर पडंल, वीज धावंल, माग बंद!"

"एका तारेपायी अख्खा माग बंद?" आण्णा कुरकुरले. "तार तुटल्यावर पेटणारा नुसता दिवा लाव की."

"लावतो. पण काका त्या टोकाला असले, तर हितं वीतभर कापड वाया. थांबवलं तर वेळ वाया. काय घालवायचं, तुमीच सांगा."

आण्णा म्हणाले, "थांबव. वेळ भरून काढू."

पार्वतम्माला नवल वाटलं. एवढा दणदणता माग, आणि केसाएवढ्या तारेच्या दुखण्याला जागीच उभा राहणार! कांड्या भरता भरता तिच्या ओठी आपसूक ओळी आल्या:

तार तुटली गं बाई, पाती पडली गं खाली,
एका सुताच्या दुखण्याला, उभी पंगत थांबली.

खंडेनवमीला साऱ्या मागांची पूजा झाली. तिनं तेलात कालवलेलं हळदकुंकू घेतलं आणि एकही उपाशी राहू नये अशा मायेनं साऱ्या पात्यांना बोट लावलं. दसऱ्याची सुट्टी गेली. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले, आणि मल्लप्पाचा माग सकाळपासून एकदाही थांबला नाही.

"बघा काकू, कसं गुणी लेकरू झालंय!" ज्ञानू गोंगाटातून ओरडला. मल्लप्पाही कितीतरी दिवसांनी हसला.

कांड्या पोचवायला आलेली पार्वतम्मा गुंडाळत्या चादरीकडे बघत थबकली. मोरपंखी रंगात एक बारीक रेघ. पलीकडे दुसरी. ती धावत मागाच्या पाठीमागे गेली. तुटलेली तार लोंबत होती, आणि तिची पाती मात्र शेजारणीच्या अंगाला चिकटून वरच. दोघींच्या मधे तेलकट लाल कुंकू. तिच्याच बोटाचं.

ठरल्याप्रमाणे माग बघायला आण्णा दारातून आत येतच होते. ती गप्प राहिली असती तर सारं खापर मल्लप्पाच्या डोळ्यांवर फुटलं असतं. तिनं दांडा ओढून माग थांबवला.

"काय झालं गं?" मल्लप्पा दचकला.

"रेघ पडलीय. माझ्यामुळं." ती आण्णांकडे वळली. "आण्णा, ह्यांचा दोष न्हाय. देव समजून मीच कुंकू लावलं पात्यांना."

ज्ञानूनं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काकू! देवाचं तोंडच चिकटवलं की तुमी!"

आण्णा हसले नाहीत. रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "आज कुंकू, उद्या सुताची धूळ. माग गप हाय तो बरा हाय म्हणून, का मुका झालाय म्हणून, हे कळायचं कसं?"

मल्लप्पा मागे गेला, डोळे मिटून पात्यांच्या ओळीवर बोटं ठेवली. मोकळी पाती बोटाखाली डुलायची. अडकलेली रुसल्यागत ताठ राहायची. "ही," तो म्हणाला. "ही पण. अन् हिच्याखाली धूळ बसलीय." ज्ञानू रॉकेलच्या बोळ्यानं त्याच्या मागोमाग पुसत गेला.

"तार तुटली तर पाती सांगंल," मल्लप्पा म्हणाला. "पाती बरी हाय का, ते मी इचारीन. त्याला डोळं कशाला लागत्यात?"

आण्णांनी स्वतः एका पातीला बोट लावून पाहिलं. ती डुलली.

"रोज पाळीला दोनदा हात फिरवायचा," ते म्हणाले. "ही चादर घरी न्या, पांघरा. अन् पार्वतम्मा, पुढच्या नवमीला कुंकू मागाच्या लाकडाला लावायचं."

"अन् माग?" तिनं विचारलं.

"हाय त्याच्याकडंच. दुसरा कोण असा हात फिरवणार हाय?"

सुरू करण्याआधी मल्लप्पानं पुन्हा एकदा हात फिरवला, निजलेल्या लेकरांच्या केसांवरून फिरवावा तसा. ओळ लाटेसारखी डुलत गेली, बारीक किणकिणली. पार्वतम्मा कान देऊन ऐकत राहिली, आणि ज्ञानूनं दांडा ढकलून माग सुरू केला.