आत्याच्या पायाखालचं बळ

आत्या येण्याआधी तिच्या गाडीचा आवाज यायचा. फाल्गुनातल्या दुपारी, उन्हाने नांदेडच्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प केलेली असताना, कोपऱ्यावर एक खोल, सलग, पोळ्यातल्या मधमाश्यांसारखा घुमणारा स्वर उमटायचा, आणि आई चहाचं आधण ठेवायची. सहा सिलिंडरची ती जुनी करडी सेडान आत्याने लातूरच्या एका कंत्राटदाराकडून घेतली होती. गाडीतून उतरणारी बाई उंच, सावळी, काळ्या कोटाखाली सुती साडी नेसलेली. दार लावताना ती ते आपटायची नाही, तळहाताने दाबायची. एखाद्या मुलाला पाठीवर थोपटून शाळेत ढकलावं तसं.

शकुंतलाआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणतात. तिने लग्न केलं नाही, वकिली केली. नांदेडच्या कोर्टात तिचा आवाज खालच्या पट्टीत सुरू व्हायचा आणि तिथेच राहायचा. समोरचे ओरडून थकायचे. तिचा रागही तसाच होता, भडकणारा नव्हे, तापलेल्या तव्यासारखा. वरून काही दिसत नाही, बोट लावलं की कळतं.

गेल्या हिवाळ्यात, करडईला फुलं आली होती तेव्हा, तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती काळा चष्मा लावून घरात बसली असताना बाबा म्हणाले, "अक्का, गाडी नुसती उभी आहे. मी सर्व्हिसिंगला नेऊन आणतो." बाबा निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्या घराची काळजी स्वतःच्या खांद्यावर वाहणारे. आत्याने किल्ली दिली.

डोळा बरा झाला आणि ती पुन्हा गाडीत बसली, तेव्हा पहिल्याच सिग्नलला तिच्या लक्षात आलं. गाडी उठत नव्हती. एकदा वेग घेतल्यावर पूर्वीसारखी वाऱ्यावर जायची. पण उभ्या जागेवरून निघताना, चढावर, खालच्या गिअरमध्ये तिच्यातला जीवच नाहीसा व्हायचा. ज्या संथ गतीत ती पूर्वी हत्तीच्या चालीने, धाप न लागता ओढायची, तिथेच आता पोकळी होती.

नांदेडच्या गॅरेजवाल्याने बोनेटसुद्धा उघडलं नाही. "मॅडम, तुम्ही क्लच लवकर सोडून राहिल्या," म्हणाला. दुसरा म्हणाला, गाडीचं वय झालं. तसं म्हणताना त्याची नजर गाडीवर नव्हती. आणि बाबा, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, भाकरी मोडता मोडता, अगदी मायेने म्हणाले, "गाडीला काही झालं न्हाई, अक्का. तुझाच पाय आता हलका पडतो. वय कुणाला चुकलंय? ड्रायव्हर ठेव."

त्यानंतर एका सकाळी मी तिच्या घरी गेले तर ती ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती आणि उजवा पाय समोरच्या भिंतीला लावून दाबत होती. पुन्हा पुन्हा. पायाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. मला पाहून तिने पाय काढला आणि साडी सारखी केली. तिच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी न पाहिलेली एक गोष्ट होती. शंका. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी उलटतपासून काढल्या, ती स्वतःच्या शरीराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करत होती. गाडीचं खरं कारण त्या सकाळी मला अजून ठाऊक नव्हतं, नाहीतर मी तेव्हाच ओरडले असते.

आमचं शेत नायगावच्या बाजूला आहे. शेताची वाट हायवेला मिळते तिथे चांगला चढ आहे; खालून वर यायचं, क्षणभर थांबायचं आणि मोठ्या रस्त्यावर शिरायचं. होळीच्या आदल्या दिवशी मी आणि आत्या तिथून परतत होतो. रस्ता मोकळा पाहून तिने गाडी घातली. गाडी अर्धी रस्त्यावर आली आणि तिथेच रेंगाळली. आवाज वाढला, चाकं मात्र झोपेत असल्यासारखी सरकत राहिली. वळणावरून उसाचा ट्रक आला. त्याचा हॉर्न मी कानांनी नाही, दातांनी ऐकला. ट्रक कडेच्या मातीत उतरला, आमच्या मागच्या दिव्याला घासून निघून गेला. धूळ बसेपर्यंत आत्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "खरंच माझा पाय असेल का गं?"

मी लातूरला कॉलेजात शिकवते. पुढच्या आठवड्यात तिची तिथे तारीख होती. कोर्ट आटोपल्यावर मी तिला बळेच एका गॅरेजमध्ये नेलं. ही शेवटची चौकशी, असं तिने मनाशी ठरवलं होतं. यानंतर किल्ली ती बाबांच्या हातात देणार होती. मेकॅनिकने गाडी एकदा चढावर चालवून आणली, बोनेट उघडलं आणि बराच वेळ आत वाकून राहिला. मग त्याने आत्याला जवळ बोलावलं. इंजिनात हवा जाते तिथे एक झडप असते. गाडी हळू असताना ती मिटते, म्हणून खालच्या गतीत जोर मिळतो. त्या झडपेला ओढणारी बोटाएवढी रबरी नळी काढलेली होती आणि तिच्या तोंडात एक स्क्रू घट्ट बसवलेला होता. वर नवी कोरी पट्टी आवळलेली.

"ताई, हे आपोआप न्हाई झालं," तो म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम करून ठेवलंय."

कुणी, हे तिने विचारलं नाही. गाडी तिने एकदाच दुसऱ्याच्या हाती दिली होती.

"काढू का?"

"नको. राहू द्या. कसं काढायचं तेवढं दाखवा."

मीही तिच्याबरोबर नांदेडला निघाले. चाकूर गेलं, बालाघाटाचे ते उघडे, राखी रंगाचे माळ गेले, पळस पेटलेले होते आणि ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती. घरासमोर गाडी उभी करून तिने बाबांना हाक मारली. "वसंता, चल. शेतावर जाऊन येऊ." बाबा खूश होऊन चपला घालून आले.

परतताना चढाच्या पायथ्याशी ती उतरली आणि बाबांना म्हणाली, "आता तू चालव." मी मागच्या सीटवर होते. बाबांनी गाडी वर आणली, रस्ता पाहिला, घातली. आणि गाडी रेंगाळली.

"अक्का, उचलत न्हाई ही!"

"ॲक्सिलरेटर दाब की."

"दाबलाय! सगळा दाबलाय!" दूरवर एक ट्रॅव्हल्स दिसत होती, मोठी होत होती. बाबांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता.

"मग पाय हलका पडत असेल तुझा," आत्या म्हणाली. "वय झालंय."

गाडी कशीबशी पलीकडच्या कडेला लागली. ट्रॅव्हल्स गेली. बाबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. मग म्हणाले, "मी सर्व्हिसिंगवाल्याला एवढंच म्हणलो होतो, गाडी जरा मंद करून दे. तू लई जोरात पळवतेस अक्का. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मला झोप लागत नव्हती."

"जोरात पळायला ती अजूनही पळते," आत्या म्हणाली. "फक्त अंगावर काही आलं तर जीव वाचवता येत न्हाई तिला." मग तिचा आवाज आणखी खाली गेला. "भीती वाटत होती तर तोंडानं सांगायचं होतंस. भांडले असते मी. हरलेही असते एखाद्या वेळेस. पण तू माझ्या ताटासमोर बसून मला माझ्याच पायावर संशय घ्यायला लावलास. ट्रक अंगावर आला त्या दिवशीसुद्धा मी स्वतःलाच दोष दिला, वसंता."

तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, बोनेट उघडलं आणि तो त्यांच्या हातात ठेवला. शाळेत शिस्तीसाठी नावाजलेले माझे बाबा, तापलेल्या इंजिनावर वाकून, रुमालाने बोटं वाचवत, ती पट्टी सैल करत राहिले. स्क्रू निघाला. नळी तिने दाखवली त्या तोंडावर बसली. मग आत्या आत बसली, इंजिन सुरू झालं, आणि तो जुना खोल स्वर जमिनीतून वर आल्यासारखा आला.

बाबा दाराकडे वळले. आत्याने काच खाली केली. "तू एसटीनं ये."

मी उतरू शकले असते. उतरले नाही. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा बाबा फाट्यावर उभे होते, एका हातात रुमाल, आणि ते लहान होत गेले. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. प्रेम करणाऱ्यांनी केलेली इजा अशी असते की तिच्यावर ओरडायलाही आपल्यालाच लाज वाटावी.

यंदाच्या भाऊबीजेला आत्या आली. तिने ओवाळलं, अक्षता टाकल्या, चहा न घेता गेली. बाबा अंगणात उभे राहिले. सत्तरीतली बाई भरधाव जाते म्हणून नव्हे, तर थांबत नाही म्हणून आता त्यांना झोप लागत नाही. आई म्हणते, काळ सगळं बुजवतो. मला तसं दिसत नाही. गेलेल्या माणसाच्या रिकाम्या जागेला आपण आठवण म्हणतो. पण दोन जिवंत माणसांच्या मधोमध जी जागा ओस पडते, तिला आपल्या भाषेत नाव नाही, आणि काळ तिथून रोज जातो, काहीही न बुजवता.